नव्या इंग्रजी शब्दांची टांकसाळ

काही महिन्यांपूर्वी एका सकाळी आमच्या कार्यालयात एका निवृत्त शिक्षकांचा दूरध्वनी आला. वर्तमानपत्राच्या कार्यालयात असे दूरध्वनी नित्याचेच. कोणाची पाण्याची तक्रार असते, कोणाला निधनवार्ता द्यायची असते. या गृहस्थांची विचारणा मात्र वेगळी होती. ''आपण रोज नवनवे इंग्रजी शब्द छापता, म्हणून विचारतो. 'डिजिटल अरेस्ट' म्हणजे नेमके काय हो? माझ्याकडच्या दोन्ही शब्दकोशांत हा शब्द सापडत नाही.''

अधिक चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. आदल्या संध्याकाळी त्यांना मोबाईलवर व्हिडिओ कॉल आला होता. पडद्यावर गणवेशातील माणूस, मागे पोलिस ठाण्याचा देखावा. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत, तुम्ही आता 'डिजिटल अरेस्ट'मध्ये आहात, याबद्दल घरातही कोणाशी बोलायचे नाही, आणि उद्या अकरा वाजता बँकेत जाऊन मुदत ठेव मोडायची, असा हुकूम त्यांना सोडण्यात आला होता. रात्रभर त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही. पण अडलेला शब्द कोशात पाहायचा, ही चाळीस वर्षांची सवय. त्यांनी पहाटे कोश काढला. 'अरेस्ट' सापडला, 'डिजिटल' सापडला, जोडशब्द मात्र कोठेच नव्हता. तेथेच त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

भारतीय कायद्यात 'डिजिटल अरेस्ट' नावाचा कोणताही प्रकार नाही. २७ ऑक्टोबर २०२४ रोजीच्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनीही हे स्पष्ट केले होते. हा शब्द भामट्यांनी लोकांना घाबरविण्यासाठी प्रचारात आणलेला आहे. आम्ही त्यांना तसे सांगितले, सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेला १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक दिला, आणि गुरुजींची मुदत ठेव बँकेतच राहिली.

एका शब्दाचा अर्थ ठाऊक असण्या-नसण्यावर आयुष्याची पुंजी टांगलेली होती. नवे इंग्रजी शब्द म्हणजे कॉलेजातील मुलांची गंमत, असे समजून आपण त्यांच्याकडे दुर्लक्ष करतो. परंतु हे शब्द आता बँकेच्या संदेशांतून, औषधांच्या जाहिरातींतून, मुलांच्या बोलण्यातून आपल्या घरात शिरले आहेत. हे शब्द जन्मतात कसे, कोशात शिरतात कसे आणि त्यांचे अर्थ काय, याचा हा धांडोळा.

शब्द जन्मतो कसा?

नवा शब्द घडविण्याची इंग्रजीची सर्वांत आवडती रीत म्हणजे दोन शब्दांची कलमे बांधणे. एकाचे डोके घ्यायचे, दुसऱ्याचे शेपूट जोडायचे. लुईस कॅरॉल या लेखकाने १८७१ च्या 'थ्रू द लुकिंग-ग्लास' या पुस्तकात अशा शब्दांना 'पोर्टमँटो' असे नाव दिले. पोर्टमँटो म्हणजे दोन कप्पे असलेली प्रवासी पेटी. दोन अर्थ एकाच पेटीत भरलेला तो शब्द. कॅरॉलनेच घडविलेला 'चॉर्टल' हा शब्द आजही वापरात आहे. आनंदाने खिदळत घशातून आवाज काढणे, असा त्याचा अर्थ.

१८९५ मध्ये इंग्लंडमधील गाय बेरिंजर या लेखकाने न्याहारी आणि दुपारचे जेवण एकत्र करून 'ब्रंच' सुचविला. रविवारी उशिरा उठणाऱ्यांची सोय व्हावी, हा त्यामागचा उदात्त हेतू होता! १९२५ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात मोटारीने फिरणाऱ्यांसाठी निवासाची जागा सुरू झाली. मोटार आणि हॉटेल मिळून 'मोटेल' तयार झाले. १९०५ मध्ये डॉ. हेन्री डेव्हो यांनी लंडनच्या आकाशावर दाटणाऱ्या विषारी थराला धूर आणि धुके यांचे इंग्रजी शब्द सांधून 'स्मॉग' हे नाव दिले. डिसेंबर १९५२ मध्ये याच स्मॉगने लंडनमध्ये हजारो माणसांचे बळी घेतले. मराठीने या शब्दाला दिलेले उत्तर दाद देण्याजोगे आहे. धूर आणि धुके मिळून 'धुरके'. रीत तीच, पण शब्द अस्सल आपला.

दुसरी रीत लेखकांच्या प्रतिभेची. 'रोबो' म्हणून आपण ओळखतो तो 'रोबोट' हा शब्द मुळात इंग्रजी नव्हेच. कारेल चापेक या चेक नाटककाराच्या १९२० मधील 'आर. यू. आर.' या नाटकात तो प्रथम आला. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठबिगारी. गंमत अशी, की हा शब्द खुद्द चापेकला सुचलेला नव्हता, तर चित्रकार असलेल्या त्याच्या भावाने, योसेफने तो सुचविला होता. माणसाची वेठ संपविण्यासाठी जे यंत्र आले, त्याच्या नावातच वेठ दडलेली आहे.

१९६४ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ मरे गेल-मान यांना प्रोटॉनच्याही आतील मूलकणांसाठी नाव हवे होते. जेम्स जॉइस यांच्या १९३९ मधील 'फिनेगन्स वेक' या दुर्बोध कादंबरीतील 'क्वार्क' हा शब्द त्यांनी उचलला आणि कादंबरीचे पान न उलटलेली जगभरची मुले पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात तो शिकू लागली.

कधी लहान मूलही शब्दाचे जनक ठरते. एकावर शंभर शून्ये या प्रचंड संख्येला काय म्हणावे, असे एडवर्ड कॅसनर या अमेरिकी गणितज्ञाने आपल्या नऊ वर्षांच्या भाच्याला विचारले. त्याने सांगितले, 'गूगोल'. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या एका कंपनीने याच शब्दावरून आपले नाव घेतले आणि 'गूगल' करणे हे पुढे क्रियापदच होऊन बसले. ऑक्सफर्ड कोशाने २००६ मध्ये त्या क्रियापदाची नोंद केली.

माणसांच्या नावांवरूनही शब्द तयार होतात. आयर्लंडमधील मेयो परगण्यात कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा जमीनदाराचा कारभारी होता. १८८० मध्ये कुळांनी त्याच्याशी सर्व व्यवहार तोडले. त्याच्या शेतात कोणी कापणीला जाईना, दुकानदार माल देईना. त्याच वर्षी 'बॉयकॉट' हा शब्द वृत्तपत्रांतून सर्वत्र पसरला. एका कारभाऱ्याचे आडनाव जगभरच्या चळवळींचे हत्यार झाले.

चौथी रीत सर्वांत काटकसरीची. जुन्याच शब्दाला नवे काम द्यायचे. उंदीर संगणकाच्या टेबलावर आला, ढगात छायाचित्रे साठविली जाऊ लागली, आणि 'व्हायरल' हा तापाचा शब्द चित्रफितींना लागू झाला. जनुकाप्रमाणे विचारांचीही एकाकडून दुसऱ्याकडे नक्कल होत जाते, असे सांगताना रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६ च्या 'द सेल्फिश जीन' या ग्रंथात 'मीम' हा शब्द घडविला. आज मोबाईलवर फिरणाऱ्या विनोदी चित्रांना मुले तेच नाव देतात. शब्द एकदा उंबरठ्याबाहेर पडला, की त्याच्यावर जन्मदात्याचाही ताबा राहत नाही, तो असा.

कोशाचा दरवाजा

कोणीही उठावे आणि शब्द घडवावा, इतपत इंग्रजी उदार आहे. परंतु कोशात प्रवेश मिळणे ही वेगळी गोष्ट. 'ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी'ची कल्पना १८५७ मध्ये लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत मांडली गेली. जेम्स मरे यांनी १८७९ मध्ये संपादनाची धुरा घेतली, तेव्हा काम दहा वर्षांत संपेल असा अंदाज होता. पाच वर्षे झाली तेव्हा गाडी 'ए'पासून निघून 'अँट' या शब्दापर्यंत, म्हणजे मुंगीपर्यंत पोचली होती, आणि पुढेही ती मुंगीच्याच पावलाने गेली. पहिला भाग १८८४ मध्ये निघाला, शेवटचा १९२८ मध्ये. मरे १९१५ मध्येच निवर्तले होते.

हे काम उभे राहिले ते सामान्य वाचकांच्या चिठ्ठ्यांवर. पुस्तकात शब्द कसा वापरला आहे, ते चिठ्ठीवर उतरवून हजारो स्वयंसेवक टपालाने पाठवीत. त्यातील सर्वांत मोलाच्या वाचकांपैकी एक होते विल्यम चेस्टर मायनर. हे अमेरिकी लष्करी डॉक्टर खुनाच्या प्रकरणानंतर ब्रॉडमूर येथील मनोरुग्णालयात बंदिस्त होते आणि तेथूनच त्यांनी हजारो अवतरणे पाठविली.

पद्धत आजही मूलतः तीच आहे, फक्त चिठ्ठ्यांची जागा संगणकावरील प्रचंड मजकूरसंग्रहांनी घेतली आहे. शब्द निरनिराळ्या लेखकांनी, परस्परांशी संबंध नसताना, पुरेसा काळ वापरलेला असावा, आणि वाचकाला अर्थ न सांगताही तो कळावा, ही मुख्य अट. एकदा शब्द ऑक्सफर्डच्या या महाकोशात शिरला, की तो काढला जात नाही. वापर थांबला तर तशी खूण केली जाते इतकेच. दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये वीस खंडांत निघाली. २००० पासून हा कोश इंटरनेटवर आहे आणि दर तीन महिन्यांनी त्यात भर पडते.

कोशकारही माणसेच. अमेरिकेतील वेब्स्टर कोशाच्या १९३४ च्या आवृत्तीत 'डॉर्ड' हा शब्द 'घनता' या अर्थाने छापला गेला. प्रत्यक्षात चिठ्ठीवर 'मोठा डी अथवा लहान डी म्हणजे डेन्सिटीचे संक्षिप्त रूप', एवढेच म्हटले होते. 'अथवा'साठीचा इंग्रजी शब्द दोन अक्षरांत मिसळला आणि एक नवाच शब्द जन्माला आला. पाच वर्षे तो कोणाच्याही ध्यानात आला नाही.

याउलट, २००१ च्या 'न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरी'त 'एस्क्विव्हेलियन्स' हा खोटा शब्द मुद्दाम घालण्यात आला होता. दुसऱ्या कोणी कोशाची चोरी केली तर ती पकडता यावी, म्हणून लावलेला हा सापळा २००५ मध्ये उघड झाला. त्या शब्दाचा अर्थ होता, आपले अधिकृत कर्तव्य हेतुपुरस्सर टाळणे. सरकारी कार्यालयात हेलपाटे घातलेल्या कोणाही मराठी माणसाला हा शब्द खोटा वाटणार नाही!

वर्षाचा शब्द

दरवर्षाच्या अखेरीस निरनिराळ्या कोशसंस्था 'वर्षाचा शब्द' जाहीर करतात. ही प्रसिद्धीची क्लृप्ती असली, तरी यादी एकत्र वाचली की काळाचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. ऑक्सफर्डने २०१३ मध्ये 'सेल्फी' निवडला. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियात प्रथम लिहिला गेलेला हा शब्द, आणि २०१३ मध्ये त्याचा वापर एका वर्षात १७,००० टक्क्यांनी वाढल्याचे ऑक्सफर्डने सांगितले. २०१५ मध्ये शब्दच नव्हता, तर हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्याचे चित्र होते. २०१६ चा शब्द 'पोस्ट-ट्रूथ'. वस्तुस्थितीपेक्षा भावना आणि समजुतीच जनमत घडवितात, ती अवस्था. त्याच वर्षी कॉलिन्स कोशाने 'ब्रेक्झिट' निवडला.

२०२० मध्ये ऑक्सफर्डला एक शब्द निवडणे अशक्य झाले. त्या वर्षी शब्दांचीच साथ आली होती. ११ फेब्रुवारी २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने 'कोविड-१९' हे नाव जाहीर केले आणि दोन महिन्यांच्या आत ते कोशात गेले. एरवी शब्दाला वर्षानुवर्षे दारात उभे राहावे लागते. २०२२ मध्ये लोकांच्या मतदानातून 'गॉब्लिन मोड' आला, म्हणजे चारचौघांची भीडमुर्वत सोडून आळसात, गबाळेपणात लोळणे. २०२३ चा 'रिझ' हा 'करिष्मा'च्या इंग्रजी शब्दाचा मधला तुकडा. दुसऱ्याला भुरळ पाडण्याची हातोटी, असा त्याचा अर्थ.

२०२४ मध्ये 'ब्रेन रॉट' निवडला गेला. मोबाईलवर निःसत्त्व मजकूर पाहून पाहून बुद्धीला येणारा कुजकेपणा. हा शब्द नवा वाटला तरी त्याची सर्वांत जुनी ज्ञात नोंद हेन्री डेव्हिड थोरो यांच्या १८५४ मधील 'वॉल्डन' या पुस्तकातील आहे. आणि २०२५ चा शब्द 'रेज बेट'. लोकांनी चिडावे, भांडावे आणि त्यातून आपली प्रेक्षकसंख्या वाढावी, म्हणून मुद्दाम टाकलेला मजकूर. मेरियम-वेब्स्टरने २०२५ साठी 'स्लॉप' निवडला. जनावरांपुढे टाकायच्या खरकट्यासाठीचा हा जुना शब्द आता कृत्रिम बुद्धिमत्तेने ढिगाने तयार केलेल्या निकृष्ट मजकुरासाठी वापरला जातो.

घरात ठाऊक असावेत असे काही शब्द

फिशिंग : बँक किंवा सरकारी कार्यालय असल्याची बतावणी करून गळ टाकणे आणि पासवर्ड अथवा खात्याची माहिती काढून घेणे. मासेमारीच्याच शब्दाचे वेगळे स्पेलिंग करून १९९० च्या दशकात तो घडला. हेच काम एसएमएसद्वारे केले की 'स्मिशिंग', दूरध्वनीवर बोलून केले की 'व्हिशिंग' आणि चौकोनी क्यूआर कोड पुढे करून केले की 'क्विशिंग'. नावे चार, चोर एकच.

डीपफेक : एखाद्याचा चेहरा किंवा आवाज संगणकाकरवी हुबेहूब तयार करून बनविलेली खोटी चित्रफीत किंवा ध्वनिफीत. २०१७ पासून प्रचारात. मुलाच्या आवाजात पैसे मागणारा दूरध्वनी आला, तर आधी तो ठेवून मुलाच्या नेहमीच्या क्रमांकावर स्वतः फोन लावावा.

श्रिंकफ्लेशन : किंमत तीच, वेष्टन तेच, आतील वजन मात्र कमी. आक्रसणे आणि चलनवाढ यांचे इंग्रजी शब्द जोडून हा तयार झाला. पाच रुपयांचा बिस्किटांचा पुडा हातात घेऊन वजन वाचणाऱ्या गृहिणीला ही गोष्ट केव्हाच कळली होती, तिचे नाव तेवढे नंतर आले.

ग्रीनवॉशिंग : पर्यावरणाचे हित साधत असल्याचा नुसता देखावा. अमेरिकी पर्यावरणवादी जे वेस्टरवेल्ड यांनी १९८६ मध्ये हा शब्द वापरला. पृथ्वीच्या रक्षणासाठी टॉवेल पुन्हा वापरा, असे हॉटेले सांगतात, प्रत्यक्षात धुलाईचा खर्च वाचवितात, हे त्यांचे निमित्त.

इन्फोडेमिक : खऱ्याखोट्या माहितीची साथ. डेव्हिड रॉथकॉफ यांनी २००३ मध्ये सार्सच्या संदर्भात हा शब्द योजला. २०२० मध्ये तो जगाला पुरेपूर कळला.

डूमस्क्रोलिंग : मन उदास होत असतानाही एकामागून एक वाईट बातम्या पडद्यावर सरकवीत राहणे.

फबिंग : समोरच्या माणसाशी बोलायचे सोडून मोबाईलमध्ये डोके खुपसणे. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियात काही भाषातज्ज्ञांना एकत्र बसवून हा शब्द ठरवून घडविण्यात आला. वागणे इतके सार्वत्रिक, की घडविलेला शब्दही चटकन रुजला.

हँग्री : भुकेमुळे आलेला राग. २०१८ मध्ये ऑक्सफर्ड कोशात दाखल. जेवायला उशीर झाला की घरोघरी याचे प्रात्यक्षिक पाहायला मिळते.

माँडग्रीन : गाण्यातील शब्द चुकीचा ऐकून तोच वर्षानुवर्षे म्हणत राहणे. अमेरिकी लेखिका सिल्व्हिया राइट यांनी १९५४ मध्ये लहानपणी ऐकलेल्या कवितेतील आपल्याच चुकीवरून हे नाव दिले. गणपतीच्या आरतीत 'संकटी'चे 'संकष्टी' आणि 'फणिवर'चे 'फळीवर' करणारे आपण सारे माँडग्रीनचे जुने उपासक आहोत.

नाव मिळाले, की अन्याय दिसतो

शब्दांचे महत्त्व गमतीपुरते किंवा सावधगिरीपुरते असते, तर हा विषय येथेच संपला असता. परंतु काही शब्दांनी कायदे घडविले आहेत. दुसऱ्या महायुद्धात नाझी फौजांनी चालविलेल्या संहाराबद्दल बोलताना ब्रिटनचे पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांनी १९४१ मध्ये नभोवाणीवरून म्हटले होते, की या गुन्ह्याला नावच नाही. ते नाव राफेल लेमकिन या पोलंडमधील ज्यू कायदेतज्ज्ञाने दिले. वंश या अर्थाचा ग्रीक शब्द आणि वध या अर्थाचा लॅटिन प्रत्यय जोडून त्यांनी १९४४ मधील आपल्या ग्रंथात 'जेनोसाइड' हा शब्द मांडला. आपण त्याला वंशसंहार म्हणतो. ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने या गुन्ह्याविरुद्धचा करार स्वीकारला. चार वर्षांत एक शब्द आंतरराष्ट्रीय कायदा झाला.

'सेक्शुअल हॅरासमेंट' ही शब्दयोजना १९७५ च्या सुमारास अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील स्त्री-कार्यकर्त्यांनी प्रचारात आणली. त्यापूर्वी नोकरीच्या ठिकाणचा हा त्रास प्रत्येक स्त्री एकेकटी सोसत होती. त्याला नाव नव्हते, त्यामुळे तक्रारही नव्हती. आपल्याकडे तर 'ईव्ह टीझिंग' आणि 'छेडछाड' हे थट्टेचा सूर असलेले शब्द रूढ होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये विशाखा खटल्यात मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, २०१३ मध्ये कायदा झाला आणि 'लैंगिक छळ' हा गंभीर शब्द कार्यालयांच्या भिंतींवरील फलकांत आला.

अलीकडचा 'गॅसलायटिंग' हाही याच जातीचा. पॅट्रिक हॅमिल्टन यांच्या १९३८ मधील नाटकात नवरा घरातील गॅसचे दिवे मंद होण्याबाबत आणि इतर गोष्टींबाबत बायकोला खोटे पाडतो. तुलाच भास होतात, असे सांगून तिला स्वतःच्या बुद्धीविषयी शंका घ्यायला लावतो. १९४४ मधील चित्रपटात ही भूमिका करणाऱ्या इन्ग्रिड बर्गमन यांना ऑस्कर मिळाले. मेरियम-वेब्स्टरने २०२२ मध्ये हा शब्द वर्षाचा शब्द म्हणून निवडला. घरातील एखादी व्यक्ती सतत 'तुझ्याच डोक्यात काहीतरी आहे' असे ऐकत असेल, तर तिच्यासाठी हा शब्द म्हणजे अंधारात लावलेला दिवा ठरू शकतो.

आणि मराठी?

नव्या इंग्रजी शब्दांचा हा लोंढा पाहून आपली मराठी यापुढे टिकायची कशी, अशी चिंता व्यक्त होते. ती खोटी नाही, पण इतिहास थोडा धीर देणारा आहे. शब्द घेतल्याने भाषा मरत नाही. इंग्रजीने आपलाच 'मुंगूस' सतराव्या शतकापासून 'मंगूस' म्हणून पाळला आहे. २०१७ मध्ये ऑक्सफर्ड कोशात भारतीय भाषांतील सत्तर शब्दांची भर पडली, त्यात 'जुगाड' आणि 'दादागिरी' होते. ठरलेली बैठक अलीकडे आणण्यासाठी आपण भारतीय वापरतो तो 'प्रीपोन'ही ऑक्सफर्डच्या कोशांत जाऊन बसला आहे.

शब्द घडविण्याची परंपराही आपल्याला नवी नाही. छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांनी 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध केला, तो १६७० च्या दशकात. कारभारातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा हा कोश. सरनौबताचा सेनापती झाला, मुजुमदाराचा अमात्य, डबिराचा सुमंत. पेशव्यासाठीही 'प्रधान' हा शब्द आला, पण लोकांच्या तोंडी पेशवाच राहिला आणि पुढे एका कालखंडाला त्याचे नाव मिळाले. राजाज्ञेने शब्द घडतो, रुजतो तो लोकांच्या मर्जीने. विसाव्या शतकात स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीने दिनांक, क्रमांक, महापौर, हुतात्मा असे शब्द दिले. आज ते घडविलेले आहेत, हे सांगूनही खरे वाटत नाही. 'संगणक' आणि 'संकेतस्थळ' टिकले. 'भ्रमणध्वनी' कागदावर राहिला आणि बोलण्यात मोबाईल आला. ब्लॉगसाठी सुचविलेली 'अनुदिनी' मात्र देखणी असूनही मागे पडली.

कधी तर आपल्याकडे शब्द आधीच असतो. पहिल्या पावसाने तापलेल्या मातीला येणाऱ्या वासासाठी इंग्रजीत शब्द नव्हता. १९६४ मध्ये इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी 'नेचर' या नियतकालिकात त्याला 'पेट्रिकोर' असे नाव दिले. दगड या अर्थाचा एक ग्रीक शब्द आणि ग्रीक देवांच्या नसांतून वाहणाऱ्या द्रवाचे नाव, यांची ही जोडणी. कोरड्या हवेत वनस्पतींतून स्रवणारी तेले दगड-मातीत शोषली जातात आणि ओलावा मिळताच त्यांचा वास सुटतो, असे त्यांनी दाखविले. उत्तर प्रदेशातील अत्तरवाले हाच वास पूर्वीपासून 'मिट्टी का अत्तर' म्हणून कुपीत भरतात, याची दखलही त्यांनी घेतली होती. आणि आपण? विंदा करंदीकरांचा 'मृद्गंध' हा कवितासंग्रह १९५४ चा आहे. इंग्रजीला नाव सापडण्यापूर्वी दहा वर्षे तो शब्द आपल्याकडे पुस्तकाच्या मुखपृष्ठावर छापला गेला होता.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात दर्जा दिला. तो भूतकाळाचा गौरव झाला. भविष्यासाठी मात्र रोजच्या रोज शब्द पारखण्याचे काम उरतेच. जेथे आपला शब्द आहे तेथे तो वापरावा, जेथे नाही तेथे घडवून पाहावा, जेथे घडविलेला बोजड होतो तेथे परक्या शब्दाला आपले प्रत्यय लावून घरात घ्यावे. पण कोणताही शब्द घरात घेताना त्याचा अर्थ विचारून घ्यावा. अर्थ न विचारता शब्द स्वीकारला, की त्याच्या आडून कोण येईल याचा नेम नसतो.

सुरुवातीला उल्लेख केलेल्या गुरुजींनी आता एक वही घातली आहे. डाव्या पानावर वर्तमानपत्रात आलेला नवा इंग्रजी शब्द, उजव्या पानावर त्याचा मराठी अर्थ. अडले, की ते आम्हाला दूरध्वनी करतात. गेल्या आठवड्यात 'रेज बेट'बद्दल विचारणा झाली. आम्ही अर्थ सांगितला. दोन क्षण थांबून ते म्हणाले, ''माणसाला मुद्दाम डिवचायचे, एवढेच ना? मग 'डिवचणी' म्हटले तर काय बिघडले?''

काहीच बिघडत नाही. मात्र शब्द टिकेल की नाही, हे गुरुजींच्या हाती नाही आणि आमच्याही नाही. ते वाचकांच्या जिभेवर आहे.